डावा माग

"वैजे, ह्याचं तोंड कुठल्या अंगाला गं? कुंकू कुठं लावू?"

आप्पांच्या एका हातात कुंकवाचा करंडा होता आणि दुसऱ्या हातात विजेची पिन. ती पिन भिंतीतून उपसलेली होती, आणि वायरचं नीट वेटोळं करून त्यांनी ती गेमच्या डब्यावर ठेवली. मी झेंडूची माळ घेऊन स्वयंपाकघरातून येत होते. माळ माझ्या हातातून सुटली.

"आप्पा, तुम्ही ते बंद केलंत?"

"मग? खंडेनवमी न्हाई काय आज? यंत्र चालू ठेवून पूजा करत्यात व्हय कुठं?"

पाटावर सगळी मंडळी ओळीनं बसली होती. काकूंचा मिक्सर, शिलाईचं मशीन, आप्पांचे पाने, पकडी, हातोडी, मागात आडवा दोरा नेणारा एक जुना गुळगुळीत धोटा, आणि शेवटी तो काळा चपटा कन्सोल. आप्पा त्याला 'डबा' म्हणायचे. आमच्या होगाड्यांच्या घरात आठ माग होते तेव्हा खंडेनवमीला आठांची पूजा व्हायची. आता माग नव्हते, म्हणून घरात जे काही गुरगुरतं, फिरतं, तापतं, त्या सगळ्याला पाटावर मान होता.

फक्त त्या डब्यात मी सकाळी आठ वाजता एक काम लावून ठेवलं होतं. दीड तास लागणार होता. 'काम पुरं होईपर्यंत मशीन बंद करू नका' असं इंग्रजीत पडद्यावर लिहून आलं होतं. आणि आप्पांनी काही विचारू नये म्हणून मी शहाणीनं टीव्हीच बंद करून ठेवला होता. आप्पांनी पिन उपसली तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

मी धावत जाऊन पिन परत लावली. "अगं अगं, काय करालीस? पूजेतलं हाय ते!" असं आप्पा म्हणेपर्यंत टीव्ही लागला होता. गेममधल्या गावांच्या यादीत आप्पांच्या गावाचं नाव करड्या रंगात दिसत होतं आणि त्याखाली एक ओळ.

"काय म्हणतंय ते?" आप्पांनी विचारलं.

मला खोटं बोलता येतं, पण आप्पांशी कधी जमलं नाही. मी म्हणाले, "गाव खराब झालंय म्हणतंय. उघडता येत नाही."

आप्पांनी करंडा पाटावर ठेवला. ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "सगळं?"

ह्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. त्या 'सगळं?' ची आठवण आली की आजही मला आपलेच कान पिळावेसे वाटतात. ते गाव म्हणजे काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आप्पा माझे थोरले चुलते. इचलकरंजीत चाळीस वर्षं त्यांनी माग चालवले आणि दुसऱ्यांचे दुरुस्त केले. मागाच्या दुरुस्तीवाल्याला आमच्याकडं जॉबर म्हणतात, आणि आप्पांसारखा जॉबर पंचक्रोशीत नव्हता. त्यांचा मुलगा गिरीशदादा कापड-यंत्रांचंच शिकला आणि जर्मनीला एका यंत्रांच्या कारखान्यात गेला. एकदा सुट्टीला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "आप्पा, हे माग आता भंगारात घाला. बिनधोट्याचे नवे घेऊया."

दादा परत गेल्यावर महिन्याभरात आप्पांनी भंगारवाल्याला बोलावलं आणि एका दिवसात आठही माग देऊन टाकले. त्यात आज्याचा पहिला मागही गेला. दादाला हे माझ्या बाबांकडून कळलं. त्याचा फोन आला, तो मी स्वतः ऐकला, कारण आप्पा फोन कानापासून वीतभर लांब धरतात.

"आप्पा, आज्याचा माग पण?"

"तूच म्हणालतास की."

पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर बाप-लेक तीन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही होगाडे. आमच्यात वाकायची पद्धत नाही, मोडतो तेव्हा आवाज येतो.

तो कन्सोल दादानंच त्या सुट्टीत आणला होता. "निवांत झालात की खेळा," म्हणाला होता. माग गेल्यावर आप्पांचे हात रिकामे झाले. दिवसभर ते उगीच दाराच्या कड्या घट्ट करत बसायचे. शेवटी एक दिवस त्यांनीच मला बोलावून तो डबा जोडायला सांगितला. गाव वसवायचा गेम होता. माळ असतो, झाडं, दगड, लाकूड असतं; त्यातून आपण घरं बांधायची, विहिरी खणायच्या. आप्पा रमले. आणि मी एक आगाऊपणा केला. तसाच गेम दादाकडंही होता. मी त्याला आप्पांच्या गावाचं आमंत्रण पाठवून दिलं.

एका सकाळी आप्पांच्या गावात निळ्या टोपीचा एक माणूस आला.

"हा कोण गं?"

"गिरीशदादा."

आप्पा पडद्याकडं बघत राहिले. निळ्या टोपीनं त्यांच्या अर्धवट विहिरीला पायऱ्या बांधल्या आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला आप्पा अंघोळ-देवपूजा आटोपून टीव्हीसमोर हजर. आपले साडेदहा म्हणजे तिकडं सकाळचे सात. दादा कामावर जायच्या आधी अर्धा तास यायचा. गेममध्ये माइकवर बोलता येत होतं. दोघंही बोलले नाहीत. हा भिंत बांधायचा, तो दुसऱ्या दिवशी छप्पर घालायचा. पहिल्या दसऱ्याला निळ्या टोपीनं पिवळ्या पानांचा एक ढीग आणून आप्पांच्या दारात ठेवला. आप्पा ताडकन उठून उभे राहिले. "सोनं दिलं की त्यानं!" म्हणाले, आणि काकूंना बोलवायला आत पळाले.

तर असं ते गाव. आणि ते मी बुडवलं होतं.

बुडवायला कारण आप्पाच, आणि त्याहून जास्त माझी ऐट. मी तेव्हा कॉलेजात होते आणि कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये बदल करण्यात माझा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. परदेशी शर्यतीच्या गेममध्ये मी आमच्याकडची वडाप, म्हणजे शेअरची जीप घातली होती, टपावर माणसं आणि मागं 'नाद खुळा' लिहिलेली. घटस्थापनेच्या दिवशी आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"तू म्हणं गेममधी पायजे ते घालतीस?"

"हो की."

"मला एक माग घालून दे. आमच्या म्हाताऱ्याचा. दसऱ्याला गिरीश सोनं द्यायला येतोय, तवा दारात दिसला पायजे."

"बोलून का टाकत नाही हो आप्पा एकदाचं?"

"जिभंनं जमत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

सहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. कॉम्प्युटरवर अख्खा माग तयार केला. शेजारच्या गल्लीतल्या कारखान्यात जाऊन खटखटीचा आवाज टिपून आणला. आप्पा शेजारी बसून सांगायचे, फणी जरा पुढं घे, बीम एवढा जाड नव्हता, हँडल डाव्या अंगाला. एक कामगार दोन मागांमध्ये उभा राहतो, म्हणून जोडीतल्या एका मागाचं चालू-बंद करायचं हँडल डावीकडं असतं आणि एकाचं उजवीकडं. आज्याचा माग डावा. पडद्यावर तो फिरला तेव्हा आप्पांनी हात जोडले. "आता हा असाच डब्यात जाऊ दे."

"जाईल की," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

कॉम्प्युटरवरचा गेम म्हणजे आपलं घर. भिंत पाडा, खिडकी काढा, कोणी विचारत नाही. कन्सोलवरचा गेम म्हणजे भाड्याची खोली, खिळा ठोकायचा तरी मालकाची परवानगी. कंपनीनं पास केलेल्या बदलांची एक यादी असते, त्यातलंच घ्यायचं. आपण घडवलेली वस्तू, आपण टिपलेला आवाज, काही म्हणजे काही आत जात नाही. दोन दिवस मी सगळे दरवाजे ठोठावून बघितले आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या यादीत कोणा परदेशी माणसानं केलेला 'जुनी अवजारं' नावाचा एक संच सापडला, त्यात एक हातमाग होता. नसण्यापेक्षा बरा, असं म्हणून आप्पांना न सांगता खंडेनवमीच्या सकाळी तोच मी लावायला घेतला. मधे नियमांची तीन पानं आली. ती मी वाचली नाहीत. एवढं हातखंडा काम, त्यात वाचायचं काय?

म्हणून आता आप्पा पाटासमोर बसले होते आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

"मी दादाला फोन करते," मी म्हणाले. "माझी चूक आहे, मीच सांगते."

"न्हाई."

"अहो, आज खंडेनवमी म्हणून तो येणार नाही, पण उद्या येईल आणि गाव बंद दिसेल. त्याला वाटेल तुम्हीच—"

"म्हाताऱ्यानं दार लावलं असं वाटंल. ठावं हाय मला." आप्पांनी पिन पुन्हा काढली आणि शांतपणे डब्याच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. "पर तू फोन करून काय सांगणार? आप्पा माग बसवत हुते म्हणून? म्हंजे माझं तेवढं पण तूच बोलणार. न्हाई. आज यंत्राला हात लावायचा न्हाई. उद्या नारळ फोडल्यावर बघू."

"उद्या उशीर झाला तर?"

"आज हात लावून तू काय दिवं लावलंस?"

मी मघाची माळ उचलून पाटावर ठेवली.

दुपारी काकूंबरोबर तोरणं ओवत बसले. काकू कधी मोठ्यानं बोलत नाहीत. मी रडकुंडीला आले होते ते बघून त्यांनी माझ्यापुढं फुलांची पाटी सरकवली आणि भलतंच काहीतरी काढलं.

"गिरीश धा वर्षाचा असंल. हे काय करायचे, मागाचा एक नट मुद्दाम ढिला करून ठेवायचे. न्हाईतर एखादी पट्टी उलटी घालायची. आणि त्याला म्हणायचे, जा, बघून ये. काय बिघाडलंय ते सांगायचे न्हाईत."

"मग?"

"मग काय, ते पोरगं जेवायचं न्हाई. ताट वाढलेलं असायचं आणि पोरगं मागाखाली पालथं. सापडलं की कारखान्यातनं वरडायचं, आप्पाऽ, दिसलं! सगळी गल्ली ऐकायची. यंत्र चुकीचं असलं की त्याला गप बसवतच न्हाई बघ. अजून तसाच असंल."

"आणि रुसलेला असला तर?"

"रुसलेला असला तरी," काकू म्हणाल्या. "सुई दे इकडं. तुझी गाठ सुटालीय."

संध्याकाळी घरी जाऊन मी ती न वाचलेली तीन पानं पहिल्यापासून वाचली. नवव्या कलमापाशी माझं बोट थांबलं. बदल लावताना कंपनी मूळ गावाला हातच लावू देत नाही. आधी गावाची दुसरी प्रत करते, सगळी मोडतोड त्या प्रतीत होते, आणि मूळ गाव वेगळ्या कप्प्यात तसंच राहतं. पुढं आणखी एक ओळ होती: बदललेल्या गावात बाहेरच्या खेळाडूला येता येत नाही, त्याच्याकडं तोच संच बसवलेला असल्याशिवाय.

म्हणजे कागद खरा असेल तर गाव जिवंत होतं. आणि माझं काम बिनबोभाट पुरं झालं असतं तर तो हातमाग आमच्या एकट्याच्या प्रतीत उभा राहिला असता आणि दादा मूळ गावात रिकाम्या दारासमोर येऊन गेला असता. मी ते कलम पाच वेळा वाचलं. तरी जीव भांड्यात पडेना. कागदावर काय, माझ्या गुणपत्रिकेवरही मी हुशार होते.

दसऱ्याच्या सकाळी साडेआठालाच मी आप्पांच्या दारात. आप्पा धुतलेल्या धोतरात, गंध लावून तयार होते. डोळे सांगत होते की झोप काही लागलेली नाही. मी त्यांना नववं कलम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे गाव असंल."

"असेल. खात्री नाही."

"चल तर." त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला, पाणी मिक्सरला, मशीनला आणि डब्याला एकेक थेंब शिंपडलं, म्हणजे डब्याला मी शिंपडू दिलं नाही, आणि मग पिन लावली.

यादी आली. गावाचं नाव कालच्यासारखंच करडं. वर एका बाजूला, कालच्या घाईत मी बघितलाही नव्हता असा एक कप्पा होता. तो उघडला. त्यात एकच गाव होतं, पांढऱ्या ठळक अक्षरांत. बटण दाबलं. पडदा काळा झाला, नेहमीपेक्षा जास्त वेळ काळा राहिला असं मला वाटलं, आणि मग कोंबडा आरवला.

विहीर होती. पायऱ्या होत्या. गेल्या आठवड्यात निळ्या टोपीनं घातलेलं कौलारू छप्पर होतं. आप्पांच्या दारासमोरचं गवतसुद्धा तेवढंच होतं.

मी तिथंच फतकल मारून बसले, आधी हसायला लागले आणि मग रडायला. ज्या कंपनीला मी दोन दिवस शिव्या घातल्या तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. मला गावाला हात लावू दिला नाही म्हणून गाव राहिलं होतं.

"रडतीस काय? सण हाय," आप्पा म्हणाले, पण त्यांनीही धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आत हाक दिली, "ऐकलं काय? हाय गं गाव! जाग्यावर हाय!" आतून पुरीचं तेल चुरचुरलं आणि काकूंचा आवाज आला, "देव पावला."

आता उरलेलं सांगणं भाग होतं. "आप्पा, गाव आहे, पण माग नाही. मी केलेला माग ह्यात जाणार नाही. कधीच नाही. मला परवाच सांगायला पाहिजे होतं."

"का जात न्हाई?"

"कंपनी बाहेरचा पार्ट घेत नाही. त्यांनी दिलंय तेवढ्यातच भागवायचं."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पाण्याला ओलं म्हणाले. "मग आधी बोलायचं न्हाई व्हय? चाळीस वर्षात मला कुठल्या कंपनीनं पार्ट दिला? सायकलीची साखळी लावून माग चालवलाय मी. सरक तिकडं. काय काय हाय ह्यांच्या दुकानात, दाव."

साडेनऊ वाजले होते. गेममधलं सामान मी एकेक दाखवत गेले आणि आप्पा हात चालवत गेले. कुंपणाचे खांब उभे करून त्यांनी सांगाडा केला. आडवा ओंडका टाकला, तो सूत गुंडाळायचा बीम. शिडी आडवी घातली, ती फणी. बैलगाडीचं चाक बाजूला लावलं. वाळत घालायची पांढरी चादर ताणून बसवली, ते कापड. धोट्यापाशी अडलं. मी डोकं खाजवत होते. आप्पांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली आणि मासे धरायच्या होडीवर बोट ठेवलं.

"ही लहान करता येती काय?"

येत होती. चादरीच्या मधोमध ती टोकदार होडी बसली आणि माग जिवंत झाला. माझ्या कॉम्प्युटरमधला माग ह्याच्या दसपट हुबेहूब होता, आवाजासकट. पण ह्याच्याकडं बघून मला आज्याच्या कारखान्यातला तेलाचा वास आला. तिथं मी लहानपणी धोटे मोजत बसायची.

शेवटी त्यांनी दाराची एक लाकडी मूठ घेतली आणि हँडल म्हणून बसवली. उजवीकडं.

"आप्पा, हँडल उजवीकडं आलं."

"आलं तर आलं."

"अहो पण आज्याचा माग डावा ना? तुम्हीच मला—"

"तुला काय कळतंय मागातलं?" ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "असू दे तसंच. लांब हो जरा, त्याची वेळ झाली."

मला राग आला. म्हटलं, रात्रभर झोप नाही, वय झालं, विसरले असतील. सणासुदीला कशाला टोका.

दहा बत्तीसला निळी टोपी आली. तिच्या हातात पिवळी पानं होती. नेहमीच्या रस्त्यानं विहिरीवरून वळून ती दाराकडं चालत आली आणि मधेच थांबली.

ती मागाकडं तोंड करून उभी राहिली. पानं तशीच हातात. मग मागाला एक फेरी घातली. बीमपाशी थांबली, होडीपाशी वाकली. दुसरी फेरी घातली आणि हँडलसमोर आल्यावर हललीच नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. आप्पांचा अंगठा बटणावर होता. काकू हातात झारा घेऊन दारात येऊन उभ्या होत्या.

आणि निळी टोपी गेली. पानं न ठेवताच. पडद्यावर फक्त माग आणि दुपारचं ऊन.

"गेला," मी म्हणाले. आप्पांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि फोनकडं बघितलं. मला वाटलं वेळ बघतात.

फोन वाजला.

आप्पांनी तो दुसऱ्या रिंगला उचलला आणि सवयीनं कानापासून वीतभर लांब धरला.

"आप्पा," दादाचा आवाज, घाईघाईचा, चिडलेला, "हँडल उजवीकडं बसवलंय तुम्ही!"

"व्हय?"

"व्हय काय! आज्याचा माग डावा होता. उजवा त्याच्या शेजारचा. त्या डाव्या हँडलला माझी करंगळी सापडलेली, अजून वण आहे. तुम्ही विसरलात? तुम्ही?"

"विसरलो बघ," आप्पा म्हणाले. "म्हातारा झालो."

चिडायचं कारण संपल्यावर दादाला बहुतेक कळलं की आपण कोणाशी बोलतोय. तो फोन ठेवणार असं मला वाटलं. काकूंनाही वाटलं असावं, त्या एक पाऊल पुढं आल्या.

"गिरीश," आप्पा म्हणाले, "हँडलचं सोड. तो माग मी द्यायला नको हुता. तुझ्यावरच्या रागानं दिला. बापाचा माग, भंगारात. चुकलं माझं."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी पण आप्पा... भंगार म्हणायला नको होतं."

"असू दे. जेवलास काय?"

"इथं सकाळचे सात वाजलेत."

"मग काय झालं? आज दसरा हाय. आईशी बोल."

काकूंनी झाऱ्यासकट फोन घेतला आणि आत गेल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुऱ्या जळाल्या आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

आप्पा पाय पसरून भिंतीला टेकले. तीन वर्षांचं ओझं उतरवल्यासारखा त्यांनी श्वास सोडला आणि आपल्याशीच हसत म्हणाले, "दिसलं की त्याला."

माझ्या डोक्यात उजेड पडायला एवढा वेळ लागला. ढिला नट. उलटी पट्टी. वाढलेलं ताट.

"आप्पा, तुम्ही मुद्दाम—"

"गप. आत ऐकू जाईल."

थोड्या वेळानं निळी टोपी परत आली. आधी पानं दारात ठेवली आणि मग मूठ काढून डावीकडं बसवली. त्या दिवशी ती कामावर उशिरा गेली असणार.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना मी डोकावले. सव्वादहा झाले होते. आप्पा चष्मा नाकावर घेऊन, जीभ दातांत धरून, त्या मागाचं चाक उचलून फिरवत होते.

"आता काय बिघडलं?"

"कुठं काय?" ते म्हणाले. "चाक उलटं घालालोय. बघू आज त्याला किती वेळ लागतोय."